दार दुरुस्त करावे की बदलावे?

जुलैतल्या एका रात्री आमची अम्मी तिच्याच खोलीत अडकून पडली. बाहेर पावसाची झड, पडवीच्या पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता. फजरला उठलो तेव्हा कुठे दारावरच्या थापा ऐकू आल्या. दार ओलाव्याने फुगून चौकटीत गच्च बसले होते आणि ओढायला तिच्या हातात आता जोर नाही. वय चौऱ्याहत्तर. तिला बाथरूमला जायचे होते. किती वेळ हाका मारत होती, हे तिने आजवर सांगितलेले नाही. आम्ही बाहेरून खांदा लावून दार ढकलले.

ही बातमी त्याच दिवशी कतारला भाईजानपर्यंत पोचली. लगेच फोनवर हुकूम, "सगळी दारे-खिडक्या काढा, अ‍ॅल्युमिनियमचे बसवा, पैसे मी पाठवतो." अम्मीचे म्हणणे नेमके उलटे. घर आजोबांनी बांधलेले, भिंती जांभ्याच्या, दारे सागाची. एकालाही हात लावायचा नाही. त्यात डिसेंबरात पुतणीचा निकाह. दोघांच्या मध्ये आम्ही.

तालुक्याहून कंत्राटदार आला. टेप लावून त्याने चार खिडक्या आणि चार दारांचा आकडा सांगितला, तो लाखाच्या वर. जाताना म्हणाला, "जुने लाकूड आम्हीच उचलून नेऊ, त्याचे काही लावणार नाही." या मेहरबानीनेच आम्हाला शंका आली. मुंबईत ओशिवऱ्याला जुन्या लाकडी सामानाची दुकानेच्या दुकाने आहेत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

गावच्या सुतारकाकांनी मात्र आधी काही मोजलेच नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि प्रत्येक चौकटीच्या पायापाशी टोचत फिरले. टोक आत शिरत नाही ते लाकूड शाबूत. सहज रुतते ते गेलेले. वाळवी असेल तर मातीच्या बारीक नळ्या दिसतात, भुंग्याची कीड असेल तर खाली पिठासारखा भुसा पडतो. कुजणे बहुतेक तळातून सुरू होते, कारण पाणी तिथे साचते. आम्ही आपले इतकी वर्षे डोळ्यांसमोरचा चकचकीत ऑइलपेंट बघून समाधानी.

समोरचे दार ठणठणीत निघाले. पश्चिमेच्या दोन खिडक्यांच्या झडपांची फक्त तळची आडवी पट्टी कुजली होती. तेवढीच कापून नवे लाकूड जोडायचे. मधल्या खोलीचे दार जमिनीला घासत होते, तेही लाकडाचा दोष नव्हे. बिजागरीचे स्क्रू सैल झालेले. भोकात लाकडी खुंटी फेविकॉल लावून ठोकली, ती वाळल्यावर नवे लांब स्क्रू आवळले, दार सरळ. बाथरूमच्या फ्लश डोअरचे थर सुटले होते. त्यावर इलाज नाही. तिथे फायबरचे दार घ्यायचे ठरले.

आता आमची चूक. गेल्या वर्षी स्वयंपाकघराचे दार अडले म्हणून भर पावसात रंधा मारून घेतला होता. मे महिन्यात लाकूड सुकले आणि बोटभर फट पडली. काका म्हणाले, "गुरुजी, पाऊस सरू द्यायचा, लाकूड सुकू द्यायचे, मग बघायचे किती तासायचे ते." मग त्यांनी झडपेच्या वरच्या आणि खालच्या कडेवरून बोट फिरवायला लावले. तिथे रंगाचा थेंब नव्हता. खोडातल्या बारीक नळ्या पाणी वर नेतात, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. चिरलेल्या लाकडाच्या टोकांना त्याच नळ्या उघड्या असतात, हे घरी कधी सुचले नाही.

अ‍ॅल्युमिनियमला नावे ठेवायची नाहीत. ते फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. घर नवे बांधत असाल किंवा चौकटीच पोखरल्या असतील तर जरूर विचार करावा. पण दोन पट्ट्यांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. कोकणातल्या मे महिन्यात ती उरलेली अर्धी फार आठवते.

राहिली अम्मीची खोली. तिथे चौकटीचा एक पाय वाळवीने आतून पोकळ केला होता, म्हणून चौकट कलली आणि दार आवळले. इथे डागडुजी चालणार नव्हती. आधी भिंतीत आणि जमिनीत वाळवीचे औषध, मग नवी चौकट. नाहीतर नवीही तीच वाट धरणार. हे अम्मीला सांगायला आम्हाला चार दिवस लागले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "माझे बदला. बाहेरचे राहू द्या."

काम ऑक्टोबरअखेर झाले. मजुरी, लाकूड, औषध, रंग, फायबरचे दार, सगळे धरून चौतीस हजार. अम्मीच्या दाराला उंबरा ठेवला नाही, तिचा पाय अडखळतो. आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल अशी खटकी बसवली. जुन्या दाराचा पितळी कोयंडा तिने स्वतः चिंचेने घासून ठेवला होता. तो नव्या दाराला लागला. त्याचा आता उपयोग काहीच नाही.

भाईजानने व्हिडिओ कॉलवर सगळे पाहिले. "मे महिन्यात आलो की खिडक्यांचे बघू," एवढेच म्हणाला. आम्ही त्याचा बिछाना पश्चिमेच्या खिडकीपाशीच घालणार आहोत.