पन्नास युरो काढले, कापले किती?

समजा, तुम्ही जर्मनीत उतरलात. होस्टेलच्या चावीसाठी रोख डिपॉझिट द्यायचंय आणि खिशात कळंबच्या शाखेतून मिळालेलं डेबिट कार्ड आहे. स्टेशनवरच्या एटीएममध्ये कार्ड घातलं, पन्नास युरो मागितले, नोटा आल्या. भारी वाटलं. दोन दिवसांनी वडिलांचा फोन. ‘अरे, खात्यातून पाच हजार आठशे पंच्याहत्तर गेलेत. तू तर पाच हजारच म्हणाला होतास ना?’

चोरी झालेली नाही. हिशेब करून बघू. सोपं जावं म्हणून एक युरो म्हणजे शंभर रुपये धरू. पन्नास युरोचे झाले पाच हजार. ज्या कंपनीचं एटीएम होतं तिने स्वतःचे पाच युरो घेतले. स्क्रीनवर तसं लिहिलं होतं, आपण घाईत ‘ओके’ दाबलं. म्हणजे आता व्यवहार झाला साडेपाच हजारांचा. परकीय चलनाच्या व्यवहारावर आपल्या बँका साधारण साडेतीन टक्के ‘मार्कअप’ लावतात. त्याचे १९२ रुपये ५० पैसे. परदेशात एटीएम वापरलं म्हणून वेगळी ठोक फी, ती १२५ रुपये धरा. या दोन्ही फीवर १८ टक्के जीएसटी. एकूण साधारण ३७५. पाच हजारांवर पावणेनऊशे जास्तीचे गेले, म्हणजे साडेसतरा टक्के. सावकार बरा म्हणायची वेळ.

प्रत्येक बँकेचे आणि प्रत्येक कार्डाचे आकडे थोडे वेगळे असतात. पण रचना हीच. आणि गंमत म्हणजे यातली एकही गोष्ट लपवलेली नसते. सगळं बँकेच्या ‘शेड्युल ऑफ चार्जेस’मध्ये छापलेलं असतं. आपण ते वाचत नाही, आणि शाखेत विचारलं तर काउंटरवरच्या माणसालाही बऱ्याचदा सांगता येत नाही. कारण धाराशिव, उमरगा, परंडा इथल्या शाखांत परदेशी व्यवहाराचं काम रोज येतच नाही.

बँकेच्या फीवरून आपल्याकडे ओरड होत नाही असं नाही. ऑगस्ट २०२५ आठवा. आयसीआयसीआय बँकेने नव्या बचत खात्यांसाठी शहरी भागातला मिनिमम बॅलन्स एकदम ५० हजारांवर नेला होता. सोशल मीडियावर इतकी टीका झाली की काही दिवसांतच तो १५ हजारांवर आला. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी तेव्हा सरळ सांगितलं, की मिनिमम बॅलन्स किती ठेवायचा हे ठरवायला बँका मोकळ्या आहेत. त्याच सुमारास कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक या सरकारी बँकांनी मिनिमम बॅलन्सचा दंडच काढून टाकला. स्टेट बँकेने तर तो २०२० मध्येच काढला होता. २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरानुसार सरकारी बँकांनी पाच वर्षांत या दंडातून साडेआठ हजार कोटींच्या आसपास रक्कम गोळा केली होती. कुणाच्या खात्यातून? ज्यांच्या खात्यात पैसे नव्हते त्यांच्या.

हा दंड दिसतो, पासबुकात स्वतंत्र ओळ येते, म्हणून त्यावर आवाज उठतो. चलनाच्या फीचं तसं नाही. ती टक्क्यांत असते, अर्धी तर विनिमय दरातच विरघळलेली असते. आणि ती भरणारा मुलगा हजारो किलोमीटर लांब, परीक्षेच्या टेन्शनमध्ये. भांडणार कोण?

आता म्हणाल, एकदा पन्नास युरो काढले, त्यात काय एवढं. मग वर्षाचा हिशेब मांडा. जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी भरून ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. एवढाच खर्च तुम्ही वर्षभर भारतीय डेबिट कार्डाने केलात, तर नुसत्या मार्कअपचे आणि त्यावरच्या जीएसटीचे ४९ हजारांच्या वर होतात. एटीएमची ठोक फी वेगळीच. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे नऊ क्विंटलहून जास्त सोयाबीन. तेही हमीभाव मिळाला तर. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम, कळंब भागात पाण्याने काय केलं ते तुम्ही पाहिलंय. त्या वावरातून आलेल्या पैशाचा मार्कअप भरायचा का, हा प्रश्न आहे.

म्हणून पहिलं काम, भारतीय कार्डाला रोजच्या खर्चाचं साधन समजू नका. ते अडीअडचणीसाठी ठेवा. तिथे पोचल्यावर, पत्ता नोंदवला की लगेच तिथलं खातं उघडा. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत बँक खातं मिळण्याचा हक्क आहे. २०१४ च्या निर्देशानुसारच तो मिळालाय. पण तिथेही डोळे उघडे ठेवा. जर्मनीत अनेक बँका विद्यार्थ्यांना महिन्याची फी माफ करतात, पण वयाची अट असते. दुसऱ्या गटाच्या एटीएममधून पैसे काढले की चार-पाच युरो जातात, मग कार्ड तिथलं असो की इथलं. अमेरिकेत खात्यात पैसे नसताना पेमेंट गेलं तर काही बँका पस्तीस डॉलरपर्यंत ‘ओव्हरड्राफ्ट फी’ घेतात. आपला मिनिमम बॅलन्सचा दंड त्यापुढे किरकोळ वाटेल.

खातं उघडेपर्यंतचे दोन-चार आठवडे मात्र इथल्याच कार्डावर काढायचे असतात. तेव्हा पैसे थोडेथोडे काढू नका. वरच्याच दराने, मशीनवाल्याची फी सोडून, पन्नास-पन्नास युरो चार वेळा काढले तर १,४१६ रुपये जातात. दोनशे युरो एकदम काढले तर ९७४. आणि एक सापळा लक्षात ठेवा. मशीन किंवा दुकानदार विचारतो, ‘रुपयांत पैसे देणार की युरोत?’ रुपये बघून बरं वाटतं, आपलं माणूस भेटल्यासारखं. पण रुपये निवडले की दर तो मशीनवाला ठरवतो, आणि तो बहुतेक वेळा वाईटच असतो. वर काही भारतीय बँका अशा व्यवहारावरही स्वतःची फी लावतात. नेहमी तिथलंच चलन निवडा.

त्याआधीचा मुद्दा, तुमचं कार्ड तिथे चालणार आहे का? आपल्या जिल्ह्यात अनेकांकडे जनधन किंवा साध्या बचत खात्याचं रुपे कार्ड असतं. त्यातली बरीच कार्डं फक्त भारतात चालतात. रुपेचं इंटरनॅशनल कार्ड वेगळं येतं, आणि ते परदेशात डिस्कव्हर, डायनर्स, जेसीबी यांच्या जाळ्यावर चालतं. शिवाय ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कुठलंही नवं कार्ड परदेशी व्यवहारासाठी बंदच येतं. अॅपमधून किंवा शाखेतून ते चालू करावं लागतं, आणि चालू करताना मर्यादाही टाकता येते. हे विमानतळावर आठवून उपयोग नाही. ओटीपी भारतीय सिमवर येणार, ते सिम रोमिंगवर चालू पाहिजे, हेही.

खरे मोठे पैसे वाचतात किंवा जातात ते मात्र कार्डावर नाही. ते इथून पैसे पाठवताना. ब्लॉक्ड अकाउंटचे ११,९०४ युरो पाठवताना बँकेने दर एक रुपया जास्त लावला तर गेले ११,९०४ रुपये. पन्नास पैशांचा फरक म्हणजे ५,९५२. लोक शाखेत जाऊन ‘साहेब, पाठवायची फी किती?’ विचारतात. साहेब म्हणतात, पाचशे-हजार. आपण खूश. विचारायला हवं ते, ‘आज युरोचा टीटी सेलिंग रेट काय आहे? आणि कमी करून मिळेल का?’ हो, मिळतो कधीकधी. मोंढ्यात आपण भावाची घासाघीस करतोच की. दोन बँकांचे दर एकाच दिवशी, एकाच तासात विचारा, कारण दर दिवसभर हलतो.

जीएसटीचाही एक भाग आहे. चलन बदलण्यावर जो जीएसटी लागतो तो टप्प्याटप्प्याने कमी होत जातो. दहा लाख एकदम पाठवले तर ९९० रुपये, आणि तेच लाख-लाख करून दहा वेळा पाठवले तर १,८००. रक्कम मोठी नाही, पण दर वेळेची पाठवणी फी त्यात धरा. फी भरताना मधल्या बँकेचा खर्च कोणी सोसायचा तेही फॉर्मवर निवडावं लागतं. निम्मा-निम्मा निवडला आणि मधल्या बँकेने वीस युरो कापले, की विद्यापीठाकडे वीस युरो कमी पोचतात आणि फी ‘अपूर्ण’ दिसते. सगळा खर्च पाठवणाऱ्याने देण्याचा पर्याय फीसाठी बरा.

‘परदेशात पैसे पाठवले की वीस टक्के टॅक्स कापतात’ असं गावात कुणीतरी सांगतंच. अर्धवट माहिती. तो टीसीएस आहे, आणि एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे पाठवले तर अजिबातच नाही. कापला गेला तरी ज्याच्या पॅनवर कापला त्याला रिटर्नमध्ये परत मागता येतो. वडील कधीच रिटर्न भरत नसतील तर मात्र ते पैसे तिथेच अडकतात, म्हणून कोणाच्या खात्यातून पाठवायचे ते आधी ठरवा.

इथे आपल्या जिल्ह्याची खास अडचण येते. घरचे पैसे अनेकदा जिल्हा बँकेत, नागरी बँकेत किंवा पतसंस्थेत असतात. तिथून थेट परदेशी पैसे सहसा जात नाहीत; त्यासाठी परकीय चलनाची परवानगी असलेली बँक लागते. म्हणजे आधी आरटीजीएस, मग दुसऱ्या बँकेत केवायसी, मग पाठवणी. विद्यापीठाची मुदत शुक्रवारी असेल तर सोमवारी सुरुवात करून चालत नाही. वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केला, हे अजून कुणी विसरलेलं नाही. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, त्यामुळे ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदार पूर्ण रकमेला पात्र होते. पण विम्याचे पैसे त्या शुक्रवारी हातात येत नाहीत. अॅडमिशनची रक्कम काही महिने आधीच हलवून ठेवलेली बरी.

आणि एक, जे जवळजवळ कुणीच सांगत नाही. परदेशात शिकायला गेलात की फेमा कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी ठरता. रिझर्व्ह बँकेने हे विद्यार्थ्यांबाबत २००३ मध्येच स्पष्ट केलंय. तुमचं साधं बचत खातं ‘एनआरओ’ करून घ्यायचं असतं. मग त्याचे नियम बदलतात. व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जातो. झिरो बॅलन्सचं खातं असेल तर त्याची सवलतही जाऊ शकते, म्हणून एनआरओचा मिनिमम बॅलन्स किती ते विचारूनच अर्ज द्या. परदेशी नंबरवर यूपीआय चालवायची सोय एनपीसीआयने जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांसाठी जाहीर केली. त्या पहिल्या यादीत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा होते, जर्मनी नव्हतं.

शिवाय आपल्याकडची सवय: पोरगं गेलं की त्याचं एटीएम कार्ड आणि पिन घरी. पैसे काढायला भाऊ जातो. बँकेच्या नियमात हे बसत नाही, आणि काही गडबड झाली तर बँक हात वर करते. त्यापेक्षा वडिलांचं नाव खात्यात घाला किंवा त्यांना अधिकारपत्र द्या. वापरायचंच नसेल तर खातं बंद करा. दोन वर्षं व्यवहार नसलेल्या निष्क्रिय खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावू नये, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. पण त्याआधीच्या दोन वर्षांत तो लागू शकतोच. त्या दंडामुळे खातं उणे मात्र जाता कामा नये, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम.

जे परदेशी नाही, पुण्याला चाललेत, त्यांच्यासाठी एवढंच: दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मेट्रो शहरात महिन्याला तीन व्यवहार फुकट, बाकी ठिकाणी पाच. रिझर्व्ह बँकेच्या सहा मेट्रोंत मुंबई आहे, पुणे नाही. म्हणजे पुण्यात पाच. मर्यादा ओलांडली तर मे २०२५ पासून व्यवहारामागे २३ रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी.

परत जर्मनीकडे. तिथे एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे गेले, तर भारतातला ‘पाच दिवसांत परत, नाहीतर रोज शंभर रुपये’ हा नियम लागू नाही. तो देशांतर्गत व्यवहारांपुरता आहे. मशीनचा नंबर, वेळ, पावती यांचा फोटो काढून त्याच दिवशी आपल्या बँकेला ईमेल करा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी न भरता. त्यासाठी बँकेकडे केलेली पहिली तक्रार लेखी पाहिजे. तेव्हा निघण्याआधी शाखेचा ईमेल घेऊन ठेवा, आणि एक मेल पाठवून बघा, उत्तर येतंय का ते.