श्रीवर्धनचा वारा संहितेत कधी येणार?

13 मे 2024 रोजी घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळला आणि 17 माणसे गेली. सुरुवातीला सगळे बोलत होते ते अचानक आलेल्या वादळाबद्दल. पुढे व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा तीन आकडे समोर आले. त्या दिवशीचा वारा ताशी 87 किलोमीटर. फलक सोसू शकत होता 49. आणि मुंबईत तो उभारताना धरायला हवा होता 158.

हा 158 चा आकडा चौकशीसाठी शोधून काढलेला नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 875, भाग 3 या संहितेत देशाचा वाऱ्याचा नकाशा छापलेला आहे. सेकंदाला 33 मीटरपासून 55 मीटरपर्यंत त्यात सहा पट्टे आहेत. मुंबई 44 च्या पट्ट्यात येते, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. पुणे 39 मध्ये. समुद्र पाहायला रात्रभर रेल्वेत बसावे लागणारे नागपूर मात्र मुंबईच्या बरोबरीने 44 मध्ये आहे, हे अनेक नागपूरकरांनाही ठाऊक नसेल.

हे आकडे वरवर पाहिले तर फसगत होते, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 49 सोसणाऱ्या फलकावर 87 चा वारा आदळला, तेव्हा त्याच्यावरचा जोर पावणेदोन पटीने नव्हे, तिपटीहून जास्त वाढला. त्यात आकार. महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 फुटांची, हा फलक 120 बाय 120 चा. म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. 158 च्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 118 किलो धरला, तर एवढ्या फलकावर आडवा रेटा दीडशे टनांच्या वर जातो. त्याच्या आदल्याच वर्षी एप्रिलमध्ये पिंपरी-चिंचवडच्या किवळे भागात फलक पडून पाच जण दगावले होते. तिथेही वादळाचे नाव पुढे आले.

फलकांच्या बाबतीत नियम होता, तो कुणी पाळला नाही. कोकणाच्या बाबतीत मात्र नियमच अपुरा आहे.

वाऱ्याची ही संहिता 1987 ची होती. 2015 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि तिच्या सूत्रात चक्रीवादळासाठी एक नवा गुणक बसला. विचार शहाणपणाचा होता. वादळानंतर ज्या वास्तू उभ्या राहायलाच हव्यात, म्हणजे रुग्णालये, निवाराकेंद्रे, शाळा, संपर्क मनोरे, त्यांच्या आराखड्यात वेग 1.30 पट धरायचा. औद्योगिक इमारतींसाठी 1.15. बाकी सर्वांसाठी 1, म्हणजे काहीच वाढ नाही. वेग 1.30 पट म्हणजे दाब 1.69 पट, वर्गाचा नियम इथेही लागतो. हा गुणक किनाऱ्यापासून साधारण 60 किलोमीटरच्या पट्ट्यात लागू होतो. पण कोणत्या किनाऱ्यापासून? पूर्व किनारा आणि गुजरात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा किनारा त्यात नाही, गोवाही नाही.

संहिता करणाऱ्यांकडे त्याचे कारण होते. अरबी समुद्रातली वादळे कमी, आणि त्यातली बरीचशी ओमानकडे किंवा गुजरातकडे वळतात. तरी 2009 च्या नोव्हेंबरात फयान अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले होते, ही नोंद 2015 च्या आधीची आहे. 3 जून 2020 ला निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. मुरूड, मंडणगड, दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे आणि कौले उडाली, विजेचे खांब वाकले, मोबाइल बंद पडले. तालुक्याबाहेर निरोप धाडणेही अवघड झाले. पुढच्याच वर्षी तौक्ते किनारा न ओलांडता कोकणाला घासून गेले, तरी 17 मे रोजी कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला.

यावर खर्चाचा मुद्दा निघतो, पण तो टिकत नाही. साध्या घराचा गुणक चक्रीवादळी पट्ट्यातही 1 च आहे. जास्तीचे लोखंड आणि काँक्रीट लागणार ते ग्रामीण रुग्णालयाला, शाळेला, मनोऱ्याला. ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या रुग्णालयाला ते मिळते, श्रीवर्धनच्या रुग्णालयाला का नाही?

साध्या घरांचा प्रश्न निराळा आहे. तिथे अभियंता येतच नाही. सुतार किंवा फॅब्रिकेटर सांगेल तो आराखडा. वजन ठेवले की छप्पर टिकते, अशी बहुतेकांची समजूत असते, म्हणून पावसाळ्याआधी पत्र्यावर चिरे नाहीतर वाळूची पोती ठेवली जातात. प्रत्यक्षात उताराच्या छपरावर वारा बहुतेक वेळा वर ओढ घेतो, कडेला आणि कोपऱ्यांवर सर्वांत जास्त. एखादी खिडकी फुटली की आत शिरलेला वारा खालूनही रेटतो. म्हणून पत्रा रिपेला, वासा भालाला आणि भाल भिंतीला बांधलेला हवा. कोकणातली जुनी चौपाखी छपरे या बाबतीत आजच्या दोन पाखांच्या पत्र्यांपेक्षा सरस होती. कमी उंचीच्या घरांसाठी आयएस 15498 ही वेगळी मार्गदर्शिका 2004 पासून आहे. नुकसानभरपाईच्या पंचनाम्याबरोबर तिचे दोन पानी मराठी टिपण घराघरांत गेले असते, तर नवी छपरे जुन्याच चुकांनिशी उभी राहिली नसती. शहरातल्या सोसायट्यांनीही गच्चीवर शेड घालण्याआधी हे समजून घ्यावे, कारण उंचीबरोबर वारा वाढतो.

ब्युरो संहितेतला बदल पक्का करण्याआधी मसुदा सूचनांसाठी खुला ठेवते. कोकणातल्या जिल्हा परिषदांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी 60 किलोमीटरच्या त्या पट्ट्यात कोकण घालण्याची मागणी लेखी, आकड्यांसह करावी. राज्य सरकारला तेवढेही थांबायची गरज नाही. संहिता सांगते ती किमान मर्यादा असते. कोकणातल्या रुग्णालयांच्या आणि शाळांच्या आराखड्यात 1.30 धरा, ही अट सार्वजनिक बांधकाम विभाग पुढच्या निविदेपासूनच घालू शकतो.