थोड्या पैशांची सहल

प्रवासाने मनुष्य बहुश्रुत होतो, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु प्रवासास पैसा लागतो, हेही तितकेच खरे. मग ज्याच्यापाशी पैसा थोडा, त्याने घरीच बसावे काय? मुलांनो, मला तसे वाटत नाही. पण हे मी जरा उशिराच शिकलो.

मी नाशिकला मुख्याध्यापक असताना एका वर्षी खास बस ठरवून आणि चांगल्या हॉटेलात उतरून मुंबईची दोन दिवसांची सहल काढली. निघण्याच्या दिवशी सहा मुले आली नाहीत. कोणाचे पोट दुखत होते, कोणाकडे पाहुणे आले होते. आम्ही परतल्यावर त्यांतील एका मुलाने मला हळूच विचारले, "गुरुजी, घारापुरीची त्रिमूर्ती खरेच तीन पुरुष उंच आहे का हो?" त्याचा चेहरा पाहिला आणि पोटदुखीचे खरे कारण मला कळले. मी सहलीचा हिशेब मांडला होता. त्यांच्या घरचा हिशेब मनात आणला नव्हता. चूक माझी होती.

पुढल्या वर्षी सहलीची आखणी मी मुलांकडेच सोपविली. अट एकच होती : पैशापायी कोणी मागे राहता कामा नये. मुलांनी रेल्वेचा साधा डबा पसंत केला, दादरच्या एका धर्मशाळेतील मोठी खोली पत्र पाठवून ठरविली आणि पहिल्या दिवसाची शिदोरी घरून घेतली. शनिवारी वस्तुसंग्रहालय व रविवारी घारापुरी, असा बेत ठरला. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे त्यांनी आधीच विचारून घेतले होते. रविवारी दुरुस्तीसाठी लोकलच्या काही फेऱ्या बंद ठेवतात, म्हणून त्या दिवशी एक तास लवकर निघायचे, हेही त्यांनीच ठरविले.

या सहलीत मुले अधिक शिकली, असे माझे मत आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची भव्य वास्तू २००४ पासून जागतिक वारशात गणली जाते. लोकलने जाणाऱ्यास ती तिकिटाच्या पैशांतच पाहावयास मिळते. परतताना कसाऱ्यास गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली गेली, तेव्हा घाट म्हणजे काय, हे भूगोलाच्या पुस्तकाहून अधिक स्पष्ट झाले.

मात्र काटकसर आणि कंजुषी यांत भेद आहे. तिकीट चुकवून वाचविलेला पैसा ही चोरीच होय. अडीअडचणीसाठी थोडी रक्कम राखून न ठेवणे हा अविचार होय. धर्मशाळेच्या खोलीत रात्री मोठ्याने बोलणे, बसमध्ये वृद्धांस जागा न देणे, हेही शोभत नाही. स्वस्त प्रवासात आपण दुसऱ्यांच्या सोबतीने राहतो. म्हणून तेथे शिस्त अधिक लागते.

स्वस्त निवासाची एक मोठी चळवळ एका शिक्षकामुळेच उभी राहिली. जर्मनीतील रिचर्ड शिर्मान हे १९०९ साली विद्यार्थ्यांसह पायी सहलीस निघाले असता वादळात सापडले. ती रात्र त्यांनी एका शाळेच्या खोलीत गवत पसरून काढली. सुटीत ओस पडणाऱ्या शाळा अशा मुलांच्या उपयोगी का पडू नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यातूनच पुढे देशोदेशी 'यूथ हॉस्टेल' म्हणजे तरुण प्रवाशांची वसतिगृहे निघाली. अडचण आली म्हणून त्यांनी सहली बंद केल्या नाहीत. निवाऱ्याची सोय शोधली.

तुम्हीही सहल आखाल, तेव्हा पहिला प्रश्न 'काय काय पाहावयाचे?' हा नसावा; 'आपल्यापैकी कोण मागे राहील?' हा असावा. त्याचे उत्तर सापडले, की बाकीचा बेत सहज जमतो.

त्या वर्षी त्रिमूर्तीसमोर तो मुलगा मान वर करून कितीतरी वेळ उभा होता. आणि सहलीच्या दिवशी एकाही मुलाचे पोट दुखले नाही.