कोणाचे गुण, कळू द्या की!

बर्फावर फिगर स्केटिंग करणाऱ्या मुली आपण टीव्हीवर पाहतो, त्यांच्या झगमगत्या पोशाखांचं कौतुक करतो. टेबलामागे बसून गुण देणाऱ्या बायकांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. सॅली-ॲन स्टेपलफोर्ड ही त्या टेबलामागचीच.

सॅली ब्रिटनची. 1963 ते 1968 सलग सहा वर्षं राष्ट्रीय विजेती, 1965 मध्ये युरोपियन स्पर्धेत रौप्यपदक, शिवाय दोन ऑलिंपिक. पुढे ती परीक्षक झाली आणि आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनच्या तांत्रिक समितीची अध्यक्षही. एवढ्यावर थांबली असती तर नुसती मानाची कारकीर्द म्हणता आली असती.

पण फेब्रुवारी 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिक झालं. जोड्यांच्या स्पर्धेत रशियाची जोडी पाच विरुद्ध चार मतांनी कॅनडाच्या साले-पेल्टिए जोडीपुढे गेली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्यानंतर हॉटेलच्या लॉबीत फ्रान्सची परीक्षक मारी-रेन ल गून सॅलीसमोर रडली. आपल्याच संघटनेच्या अध्यक्षांनी रशियाला मत द्यायला दबाव आणला, असं तिने सांगितल्याचं सॅलीने उघड केलं. ल गूनने नंतर शब्द फिरवला, अध्यक्षांनीही इन्कार केला. तरी दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण मिळालं. आणि सॅलीला काय मिळालं? त्याच वर्षी जूनमध्ये क्योटोला निवडणूक झाली आणि तिचं अध्यक्षपद गेलं.

खरी गंमत पुढेच आहे. पुन्हा असं घडू नये म्हणून युनियनने उपाय काढला तो असा, की कोणते गुण कोणत्या परीक्षकाचे हेच लपवायचं! म्हणे त्यामुळे दबाव आणता येणार नाही. वरवर पटतंही. पण मैत्रिणींनो, दबाव आणणारा घरचाच असेल तर तो काय कागद बघून विचारणार आहे? अडतो तो खेळाडू. आपल्याला कमी गुण कोणी दिले, हेच त्याला कळत नाही. सॅलीने या गुप्ततेला विरोध केला, तो मला शंभर टक्के पटतो.

आपल्याकडे तरी काय वेगळं चालतं? नवरात्रातल्या रांगोळी स्पर्धेच्या निकालाखाली ‘परीक्षक मंडळ’ एवढंच लिहिलेलं असतं. पहिलं बक्षीस देणगीदारांच्या सूनबाईंना, आणि विचारायचं कुणाला? मी परीक्षक असले की गुणांचा तक्ता नावानिशी भिंतीवर लावायला सांगते. संयोजकांच्या कपाळावर आठ्या पडतात, पडू देत. हरलेली एखादी येऊन भांडतेही, पण निदान माझ्याशी भांडते.

युनियनने ही लपवाछपवी बंद केली ती थेट 2016 मध्ये. मधल्या वर्षांत बर्फावर उतरलेल्या मुलींना भांडायलाही कोणी समोर नव्हतं.