स्वयंसेविका म्हणायचं कुणाला?



गेल्या काही महिन्यांत तीन मुली एकच चौकशी घेऊन आमच्या कार्यालयात येऊन गेल्या. तिघीही बाविशी-तेविशीतल्या. आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून जायचं आहे, घरचे नाही म्हणतात, ताई, तुम्ही गेला होतात ना, मग सांगा. घरच्यांचे आक्षेप ठरलेले: एकटी मुलगी, लग्नाचं वय, आणि 'तिथली माणसं'. या तिसऱ्या आक्षेपाचा मला मनापासून राग येतो. २०१६ साली बंगळूरमध्ये जमावाने टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला मारलं, तिचे कपडे फाडले. पुढच्याच वर्षी ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना झोडपलं. शिकायला आलेल्या परक्या मुलीला असुरक्षित केलं आपण, आणि भीती मात्र त्यांची! तेव्हा 'जरूर जा' असंच मी तिघींना सांगितलं. पण त्यानंतर जे बोलणं झालं, ते इथे सगळ्यांसाठी लिहिते आहे.

मी २००५ ते २००७ अशी दोन वर्षं लेसोथोत होते. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा छोटा देश, सगळाच्या सगळा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. डोंगरातल्या कित्येक वस्त्यांवर घोड्यावरून किंवा पायीच जावं लागे. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत राबायला गेले. मागे शेत, म्हातारी माणसं, पोरंबाळं सांभाळली बायकांनी. मुंबईच्या गिरण्यांत नवरे गेलेल्या आपल्या कोकणातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. नव्वदच्या दशकात खाणींत मोठी कपात झाली. त्याच सुमाराला एड्सची साथ पसरली. मी पोचले तेव्हा दर चार प्रौढांमागे जवळजवळ एकाला एचआयव्हीची लागण होती, आणि औषधं नुकती कुठे मिळू लागली होती.

मी ज्या गटाबरोबर काम केलं, त्यात पंधरा बायका होत्या. बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. सकाळी घरचं पाणी, सरपण, मक्याची पापा उरकून त्या निघायच्या. आजाऱ्याला अंघोळ घालायची, हगलं-मुतलं काढायचं, भरवायचं, कुणाला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत न्यायचं. मी नोंदवह्या लिहायचे, साबण आणि हातमोजे आणून द्यायचे, हळूहळू सेसोथो शिकल्यावर घरोघर त्यांच्याबरोबर जायचे. कागदोपत्री आम्ही सोळाजणी स्वयंसेविका. त्यातल्या एकीला दरमहा भत्ता, कुलूप लागणारी खोली, आरोग्य विमा, वर्षाची रजा आणि परतीचं विमानाचं तिकीट होतं. उरलेल्या पंधराजणींना काही नव्हतं. कधीमधी तेलाचा डबा.

शब्द एकच, पण एकीसाठी तो अनुभवाचं प्रमाणपत्र आणि दुसरीसाठी बिनपगारी राबणं. आजाऱ्याची सेवा बाईने करायचीच असते, त्याचे पैसे कसले मागायचे, हा हिशेब तिथेही तोच.

तिथली मुलं लहानपणापासून गुरांमागे जातात, म्हणून शाळेत मुली जास्त आणि साक्षरतेत बायका पुरुषांच्या पुढे. परिषदांमध्ये हा आकडा कौतुकाने सांगितला जातो. पण याच साक्षर बाईची सही २००६ पर्यंत कायद्याने पुरी नव्हती. लग्न झालेली बाई अज्ञान, तिचा पालक नवरा. आमच्या गटाला बँकेत खातं काढायचं होतं, तेव्हा तालुक्याच्या गावच्या बँकेने विवाहित बायकांकडे नवऱ्याचं संमतीपत्र मागितलं. नवरा खाणीत, एकीचा तर दोन वर्षं पत्ताच नाही. मला कुणी काही विचारलं नाही. मी पंचविशीची, परकी, अविवाहित. माझी सही चालत होती! बायका हसल्या, मग गप्प झाल्या. २००६ च्या नोव्हेंबरात नवऱ्याची ही कायदेशीर मालकी संपली. तिथल्या महिला वकिलांनी आणि स्त्री-संघटनांनी वर्षानुवर्षं धरलेला लेटा होता तो. आम्हा पाहुण्यांचा त्यात वाटा नव्हता, आणि मदत संस्थांच्या रंगीत पुस्तिकांत त्या संघटना फारशा दिसतही नाहीत.

नावाची गोष्ट सांगायलाच हवी. तिथे लग्न होऊन आलेल्या मुलीला सासरचे नवं नाव देतात, आणि ते असतं अजून न जन्मलेल्या मुलाच्या नावावरून. 'मा-थाबो', म्हणजे थाबोची आई. थाबोचा पत्ता नसतो अजून! मी म्हटलं, आमच्याकडेही तांदळात नवं नाव लिहितात. एक न्खोनो, म्हणजे आजी, म्हणाली, "निदान तुमच्यात मूल होईपर्यंत तरी थांबतात." तिला सत्तरी पुरी झालेली होती. २००४ साली सरकारने सत्तरीपुढच्या सगळ्यांना महिना १५० मालोटी पेन्शन सुरू केलं होतं. त्यात ती चार पोरक्या नातवंडांना जेवू घालत होती.

आता आपल्याकडे पाहू. मी तिकडे गेले त्याच २००५ साली आपल्या सरकारने 'आशा' योजना आणली आणि खेड्यातल्या लाखो बायकांना स्वयंसेविका ठरवलं, म्हणजे पगार द्यायला नको. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने त्यांना कामगार माना अशी शिफारस केली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. आणि २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी थंडीत आझाद मैदानावर बसलेल्या होत्या. आशांच्या मोर्चात पोळ्या पोचवायला न आलेल्या मुलीने आफ्रिकेतल्या बाईची सेवा करायला निघावं, याचं मला थोडं नवल वाटतं, इतकं बोलून पुढे जाते.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली. लेसोथोतल्या आरोग्यसेवेतल्या कितीतरी जणांची नोकरी गेली. बाहेरचा पैसा असा येतो आणि जातो. माझीही मुदत संपली तेव्हा मी निघून आले. आजाऱ्यांच्या दारी जाणाऱ्या त्या बायका तिथेच राहिल्या.

म्हणून जाणाऱ्या मुलीने संस्थेला आधी विचारावं, की स्थानिक बायकांना तुम्ही काय देता? गटाच्या पैशावर सही कुणाची? भाषा शिकायला मला किती महिने द्याल? पैसे भरून दोन आठवडे 'अनाथाश्रमात' मुलांशी खेळा म्हणणाऱ्यांकडे तर फिरकूही नका. त्यातल्या अनेक मुलांना आई किंवा आजी असते. त्यांची गरज घरखर्चाची असते. दर पंधरवड्याला नवी ताई येऊन लळा लावून जाते, याने मुलांचं नुकसान होतं, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ मध्ये नोंदवलं आहे.

तिघींपैकी एकीचं पत्र आलं आहे. तिने हे प्रश्न विचारल्यावर एका संस्थेने उत्तरच दिलं नाही, दुसरीने करारपत्र पाठवलं आहे. पुढच्या बुधवारी संध्याकाळी कार्यालयात आम्ही ते वाचायला बसणार आहोत. आशा संघटनेच्या दोघीजणीही येणार आहेत. ज्यांना जायचं आहे त्यांनी यावं, आणि आईला घेऊन यावं.