ट्रंकेतले शेअर बाहेर काढा

पुण्यात मुंढव्याला भारत फोर्जचा कारखाना आहे. नीलकंठराव कल्याणींनी 1961 मध्ये ही कंपनी काढली. ट्रकच्या इंजिनातले क्रँकशाफ्ट, पुढच्या अ‍ॅक्सलचे बीम, असे पोलाद तापवून घडवलेले भाग ती बनवते. कदाचित तुमच्या वडिलांनी किंवा सासऱ्यांनी तिचे किंवा अशाच एखाद्या कंपनीचे शेअर कधीकाळी घेतले असतील. तो कागद अजून ट्रंकेत असेल. हे लिहितो आहे ते अशा घरांसाठी.

येत्या रविवारी तासभर काढा. जुने दाखले, कंपनीची पत्रं, न वटवलेले डिव्हिडंड वॉरंट, सगळं एकत्र करा. दाखल्यावरचा फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीकडचा तुमचा खाते क्रमांक, वहीत उतरवून ठेवा. ज्यांच्या नावावर शेअर आहेत ते हयात असतील, तर त्यांना शेजारी बसवूनच हे करा.

एवढी घाई कशासाठी, ते सांगतो. कंपनीने जाहीर केलेला लाभांश तुम्ही घेतला नाही, तर तो वेगळ्या खात्यात पडून राहतो. सात वर्षं झाली की तो सरकारच्या आयईपीएफ नावाच्या निधीत जमा होतो. इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण सलग सात वर्षं लाभांश घेतलाच नाही, तर शेअरही त्याच निधीकडे जातात. हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

हिशेब करून पाहा. 2017 मध्ये भारत फोर्जने एकास एक बोनस दिला. त्याआधी घरात 100 शेअर असतील, तर आता ते 200 झाले. 2024-25 चा लाभांश शेअरमागे साडेआठ रुपये होता. म्हणजे 200 शेअरवर 1,700 रुपये. एवढ्यासाठी कोण धावपळ करणार, असं वाटतं आणि काम राहून जातं. पण शेअरचा भाव हजार रुपये धरला, तरी मूळ शेअर दोन लाखांचे आहेत. सतराशे रुपयांचा आळस दोन लाखांना पडतो. म्हणून रक्कम किती लहान आहे ते बघू नका. सात वर्षांत एका वर्षाचा लाभांश जरी हातात पडला, तरी शेअर निधीकडे जात नाहीत.

शेअर कागदी असतील तर आधी केवायसी पूर्ण करा. पॅन, पत्ता, मोबाइल, सही आणि बँक खातं कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदवा. एप्रिल 2024 पासून कागदी शेअरचा लाभांश थेट बँकेतच जमा होतो. नोंद अपुरी असेल तर तो अडकून राहतो. ती झाली की शेअर डीमॅट करून घ्या, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात घ्या. एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकून नावावर करता येत नाहीत.

डीमॅट असलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. खात्याला कोणती बँक जोडली आहे ते बघा. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट बँक 2020 मध्ये कॅनरात. जुना तपशील तसाच राहिला असेल तर बदलून घ्या. नॉमिनीचं नाव लावलं आहे का, तेही त्याच वेळी पाहा.

शेअर आधीच निधीकडे गेले असतील तर घाबरू नका. ते परत मिळतात. मागणीला मुदत नाही, वारसही मागू शकतात. आयईपीएफच्या संकेतस्थळावर नाव घालून शोधा. आधी कंपनीच्या शेअर विभागाला पत्र लिहा, मग आयईपीएफ-5 हा फॉर्म भरा. त्याला सरकारी फी नाही. शेअर सोडवून देतो म्हणून कुणी त्यातला हिस्सा मागू लागला, तर कोऱ्या कागदावर सही करू नका. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला सोबत घ्या. वेळ लागेल, पण काम होतं.

आता ज्यांना लाभांशासाठी नवे शेअर घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी. टक्के ऐकून भुलू नका. साडेआठ रुपये म्हणजे 425 टक्के, असं कुणी सांगेल. ते खोटं नाही, पण ते टक्के शेअरच्या 2 रुपये दर्शनी किमतीवर मोजलेले आहेत. तुम्ही हजार रुपये देऊन शेअर घेतलात, तर तुमच्या शंभर रुपयांमागे एक रुपयाही पडत नाही. नेहमी रुपयांत विचारा, आणि तुम्ही दिलेल्या भावावर मोजा.

मागची काही वर्षंही पाहा. करोनाच्या 2020-21 मध्ये या कंपनीने 2 रुपये दिले, 2022-23 मध्ये 7, पुढच्या वर्षी 9, आणि त्यानंतर साडेआठ. हे ठेवीचं व्याज नव्हे. ट्रक कमी विकले गेले, अमेरिकेतली मागणी पडली, की सुटे भाग बनवणाऱ्याची कमाई घटते आणि लाभांशाला कात्री लागते. म्हणून औषधांचा खर्च, मुलांची फी, घराचं भाडं यांतलं काहीही या पैशावर ठरवू नका. लाभांशाच्या तारखेच्या आदल्या दिवशी शेअर घेऊनही फायदा नाही. दुसऱ्या दिवशी भाव साधारण लाभांशाएवढाच उतरतो.

2020 पासून लाभांशावर कर तुम्हालाच भरावा लागतो. विवरणपत्रात लाभांश दाखवायला विसरू नका.

भारत फोर्जची वार्षिक सभा साधारण ऑगस्टमध्ये होते. तिथे मंजूर झालेला लाभांश 30 दिवसांत द्यावा लागतो. सप्टेंबरच्या मध्यावर पासबुक भरून आणा आणि ती नोंद शोधा. दिसली नाही, तर त्याच आठवड्यात रजिस्ट्रारला पत्र टाका. पत्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.