जाब वरच्या खुर्चीला विचारा



फिर्याद घेऊन ठाण्यात गेलेला आपला माणूस रिकाम्या हाताने परततो, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांस आहे. गवगवा झाला की एखादा हवालदार निलंबित होतो आणि प्रकरण मिटते. परंतु फिर्याद नाकारण्याचे धाडस त्याला येते ते वरिष्ठांच्या मौनामुळेच.

२२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणेचे आदेश दिले. अधीक्षक व ठाण्याचा प्रमुख यांस किमान दोन वर्षांची मुदत द्यावी, म्हणजे पुढाऱ्याच्या मर्जीने बदली होण्याचे भय राहणार नाही. आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात व जिल्ह्यात निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे स्थापावीत. त्यानंतर सातव्याच दिवशी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली न्यायालयाने आठ जणांस खुनाबद्दल दोषी धरले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली मात्र कोणीही दोषी ठरला नाही. न्यायालयात काय टिकेल हे तपासावर ठरते, आणि १९९५ च्या नियमांनी असा तपास उपअधीक्षक वा त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडे सोपविला आहे. मग सारा दोष हवालदाराच्या माथी कसा मारावा?

२०१४ साली महाराष्ट्राने कायदा केला, पण जिल्ह्याऐवजी विभागासाठी प्राधिकरण ठरविले. दाद मागण्याची जागा अशी लांब गेल्यावर रोजंदारीवरील मजुराने तेथवर पोहोचावे कसे? प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण हवे, ही आपली मागणी असली पाहिजे.

तोपर्यंत हाती असलेला कायदा वापरा. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातींचे संरक्षण मिळाले आहे. धर्मांतरामुळे ते गेले, असे कोणी सांगितल्यास मानू नका. फिर्याद वाचून दाखविल्याखेरीज सही करू नका आणि तिची प्रत मागा. कलम ४ अन्वये हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या अधिकाऱ्याने ते जाणूनबुजून टाळल्यास त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. ठाण्याने नकार दिल्यास तीच फिर्याद टपालाने अधीक्षकांकडे धाडा व पावती जपून ठेवा. त्यांनीही दखल न घेतल्यास दंडाधिकाऱ्याचे दार उघडे आहे.

ती पावती हाती असली, म्हणजे "मला ठाऊक नव्हते" असे अधीक्षकांस म्हणता येणार नाही. ज्याच्या हाती अधिकार, त्याच्या शिरी जबाबदारी, हे त्यांस कागदानिशी दाखवून द्या.